एक कार्ड उरलं

आत्याच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनी आणि खडूच्या तुकड्यांखाली, एक पिवळं पडलेलं कार्ड आहे. ‘मान : चंद्र’, एवढंच त्यावर लिहिलंय.

विशीत ती एका कोशाच्या कचेरीत लागली. दिसायला सारखे, पण निरनिराळ्या भाषांत स्वतंत्रपणे जन्मलेले शब्द तिथे गोळा होत. ‘पान’ आपल्याकडे झाडाचं. स्पॅनिशमध्ये पाव, पोलिशमध्ये साहेब. कार्डावर शब्द आणि अर्थ; भाषेचं नाव मात्र पाकिटावर. आत्याने कपाटं लावायची. तीन महिन्यांत नोकरी पक्की झाली नाही तर घरी बसायचं, असं आजोबांनी बजावलं होतं.

दुसऱ्याच महिन्यात तिने मळकी पाकिटं टाकून दिली आणि सारख्या शब्दांच्या सुबक गड्ड्या बांधल्या.

“अगं बाई, सगळ्यांना एकाच घरात नांदायला लावलंस!” टायपिस्टबाईंनी कपाळावर हात मारला.

संपादक ओरडले नाहीत. “आडनाव एक म्हणून सगळे सख्खे भाऊ होतात का हो?”

“आठ दिवस द्या, सर. लावते परत.”

“या भाषा येतात तुम्हाला?”

“एकही नाही. पण अक्षरं ओळखते.”

एकेका भाषेची कार्डं एकेकच माणूस लिही. पोलिशवाल्या बाईंची शाई जांभळी. स्पॅनिशवाले गृहस्थ निब इतकं दाबत, की कार्ड मागून चाचपलं तरी कळे. खिडकीशी कार्डं तिरपी धरून आत्या आठ दिवस बसली. सगळी नव्या पाकिटांत गेली. घाईघाईत लिहिलेलं, कुणाच्याच अक्षराशी न जुळणारं हे एक तेवढं उरलं.

संपादकांनी ते उलटसुलट पाहिलं आणि तिच्याच हातात ठेवलं. “याचं घर सापडेपर्यंत तुम्हाला इथून हलता येणार नाही.”

अशी तिची नोकरी पक्की झाली. चौतीस वर्षं टिकली. मग कोश छापून झाला, कचेरी मिटली, कपाटं कुठे गेली कुणास ठाऊक. अजूनही वाणसामानाची यादी हातात आली की आत्या ती आधी उजेडाकडे तिरपी धरते.

परवा मी ग्रंथालयातून धावतच आले. “आत्या, सापडलं! डच आहे ते.”

तिने सुईत दोरा ओवला, मग वर पाहिलं.

“ठाऊक आहे गं. दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“घर सापडेपर्यंत हलायचं नाही, म्हणाले होते ना?” तिने कार्ड पुन्हा खणाच्या तळाशी सरकवलं. “मला कुठे हलायचं होतं!”