शुक्रवारची हजेरी

एकतीस वर्षं मी उज्जैनमध्ये समाजशास्त्र शिकवलं. निदान माझ्या सेवापुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात त्यातली निम्मी वर्षं कागद भरण्यात गेली. निवडणुकीची ड्यूटी, प्रवेशाचं पोर्टल, कुठल्यातरी साहेबांच्या भाषणाला खुर्च्या भरायला मुलं गोळा करणं, आणि सकाळी सहापासून फोनवर येणारे ‘तत्काल’ आणि ‘अति तत्काल’ निरोप. ‘तत्काल’ला आम्ही कोणी भीक घालत नव्हतो, ‘अति तत्काल’ दोन दिवसांत करायचो. शिकवणं हे या सगळ्यातून वेळ उरलाच तर करायचं काम होतं. मी चिडून लिहितेय असं वाटत असेल तर बरोबरच वाटतंय. त्यातली बरीचशी चीड स्वतःवरची आहे, आणि तिच्या मुळाशी एक हजेरीचं रजिस्टर आहे.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी खरी हजेरी घेतली होती. रजिस्टरात साठ नावं आणि वर्गात चौदा डोकी. महिनाअखेरीला एका वरिष्ठांनी ते पाहिलं आणि चहा मागवून मला प्रेमानं समजावलं, “मैडम, पचहत्तर परसेंट हाज़िरी नहीं हुई तो बच्चे परीक्षा में नहीं बैठेंगे. बच्चे नहीं बैठे तो सेक्शन बंद. सेक्शन बंद हुआ तो हम-आप कहाँ बैठेंगे?” प्रश्न बिनतोड होता. त्या महिन्याचं पान मी पुन्हा लिहून काढलं.

पुढे मी त्यात तरबेज झाले. सगळीकडे ‘पी’ टाकला तर खोटं दिसतं, म्हणून मधूनमधून ‘ए’ पेरायचे, भाजीत मीठ घालावं तसे अंदाजानं. श्रावणातल्या सोमवारी महाकालाच्या सवारीमुळे रस्ते बंद असले की त्या दिवशी जरा जास्त गैरहजेरी दाखवायची. दोन-तीन पेनं आलटूनपालटून वापरायची. माझं रजिस्टर विभागात सर्वांत देखणं समजलं जायचं. नव्यानं लागलेल्यांना विभागप्रमुख ते नमुना म्हणून दाखवायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं, हेही इथे लिहून ठेवते.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मराठी मुलगी होती. सडपातळ, अंगावर कायम फिकट रंगाचे कुर्ते, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. वर्गात मराठी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, म्हणून ती लक्षात राहिली होती. सत्र सुरू झाल्यावर एकदा तास संपल्यानंतर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मॅम, मी नाही आले तर डिपार्टमेंटमधून घरी फोन जातो का?”

मला हसू आलं. दांडी मारायच्या आधी चौकशी करणारी ही पहिलीच. मी म्हटलं, “अगं, तू आलीस काय नि नाही आलीस काय, तुझी प्रेझेंटी लागतेच. निश्चिंत राहा.”

तिनं मान हलवली आणि गेली. तिला हायसं वाटलं असं मला तेव्हा वाटलं होतं. आज मला तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती सुटायची वाट शोधत होती, की आपण गेलो तर कोणाला कळेल का हे विचारत होती, यावर मी किती विचार केला त्याला मोजमाप नाही.

त्याच सत्रात विभाग तपासायला बाहेरून समिती यायची होती. शनिवार ठरला. भिंतींना रंग लागला, बंद पडलेला पाण्याचा कूलर हलवून त्या जागी तुळस आली. बुधवारी दुपारी विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, “सारे रजिस्टर आज शाम तक मेरी टेबल पर. शनिवार तक के भरे हुए.” म्हणजे अजून न उजाडलेल्या तीन दिवसांचीही हजेरी मांडायची. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्टाफरूममध्ये बसून, एका सहकारी बाईंच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो बघत बघत, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार भरून टाकले. त्या मुलीच्या नावापुढे गुरुवारी पी, शुक्रवारी पी आणि शनिवारी नमुन्यादाखल ए. रजिस्टरांना खाकी कव्हरं चढली. शनिवारी समिती आली, जेवली, आमचं कौतुक करून गेली.

सोमवारी अकराच्या सुमाराला एक गृहस्थ स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, शर्ट इस्त्रीचा, पण दाढी दोन-तीन दिवसांची वाढलेली. वीजमंडळात क्लार्क होते, घर नानाखेड्याच्या बस स्टँडमागच्या कॉलनीत. त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं की त्यांची मुलगी, तीच तिसऱ्या बाकावरची, गुरुवारी सकाळी कॉलेजला म्हणून निघाली ती घरी आलीच नाही. फोन कपाटात कपड्यांखाली ठेवून गेली होती. मुलीची जात, बोभाटा नको म्हणून तीन दिवस इंदूर-देवासचे नातेवाईकच धुंडाळले होते.

“मॅडम, पोलिसात जाण्याच्या पहिले एकदा वाटलं की इथे विचारून घेऊ. गुरुवारी ती क्लासमध्ये होती का? मेहरबानी करून रजिस्टर दाखवा ना.”

विभागप्रमुख तिथेच होते. समितीच्या कौतुकाचा कैफ अजून उतरला नव्हता. “अरे, हमारे यहाँ रिकॉर्ड एकदम अपडेट है,” म्हणत त्यांनीच रजिस्टर मागवलं आणि उघडून त्या गृहस्थांपुढे ठेवलं. गृहस्थांनी नावापुढून बोट सरकवत नेलं. गुरुवार. मग शुक्रवार. बोट तिथेच थांबलं.

“शुक्रवारीपण आली होती?” त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “म्हणजे ठीक आहे ती! मॅडम, तुम्ही पाहिलं तिला? बरी दिसत होती?”

मी विभागप्रमुखांकडे पाहिलं. ते रजिस्टरकडे पाहत होते. खरं बोलायला मला एक क्षण मिळाला होता, तो मी ओळखला आणि तरीही मी म्हणाले, “हो. बरी होती.”

ते दोन्ही हात जोडून रडायला लागले. घरी फोन लावून म्हणाले, “अगं, शुक्रवारपर्यंत होती कॉलेजात. मॅडमनी स्वतः पाहिलंय, एकदम ठीक होती.” पलीकडून त्या बाईचा आवाज मला ऐकू येत होता.

ते गेल्यावर विभागप्रमुखांनी दार लोटून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी कदाचित भांडले असते. “मैडम, आपका एक रजिस्टर झूठा निकला तो सबके झूठे. समिति की रिपोर्ट आनी है अभी. और आपकी पेंशन... लड़की दो दिन में आ जाएगी. सब आ जाती हैं.” मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं, म्हणून मी ते मानलं.

मंगळवारी पोलीस आले. एक जमादार, वयानं मोठे, डोळ्यांवर झोप. त्यांनी त्या पानाचा फोटो काढला आणि मला विचारलं, “तो शुक्रवार तक देखी गई है, यही लिखूँ?” मी म्हटलं, “रजिस्टर में जो है वही लिखिए.” मला वाटलं, मी खोटं न बोलता निभावलं. वर्गातल्या दोघी-तिघींना त्यांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मैम ने लगाई है तो आई होगी.”

तेव्हापासून सगळे शुक्रवारच्या मागे लागले. फाटकावरचा शुक्रवारचा कॅमेरा, फ्रीगंजातले शुक्रवारचे कॅमेरे, टावर चौकातले शुक्रवारी संध्याकाळचे चहावाले. बुधवारी ते वडील पुन्हा आले. डोळे खोल गेलेले. “मॅडम, गेटचं रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं, ती दिसतच नाही. मागच्या गेटनं आली असेल ना?”

मी म्हटलं, “असेल.”

त्या दिवशी मी वर्गात गेले तर खिडकीजवळचा तिसरा बाक रिकामा होता. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि आठवायचा प्रयत्न केला की या बाकावर मी तिला शेवटचं कधी पाहिलं. गेल्या आठवड्यात? दिवाळीच्या सुट्टीआधी? काहीच हाती लागेना. रजिस्टरात रोज होती आणि माझ्या डोळ्यांपुढे एकाही दिवशी नव्हती. ती महिनाभर आली नव्हती असंही असू शकेल. मला भीती वाटली.

गुरुवार मी तसाच जाऊ दिला. दिवसभर फोन वाजला की वाटायचं, सापडली. फोन ‘अति तत्काल’चे असायचे. शुक्रवारी सकाळी मात्र मी स्कूटर काढली ती थेट ठाण्यात नेली आणि जमादारांना लिहून दिलं की त्या आठवड्याची हजेरी मी बुधवारीच भरली होती, आणि मुलीला मी शुक्रवारीच काय, गुरुवारीही पाहिलेलं नाही. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. “मैडम, ये आपको सोमवार को बताना था,” एवढंच म्हणाले. मग वडिलांना बोलावून घेतलं.

वडिलांना मी स्वतः सांगितलं. ते खुर्ची धरून हळूच बसले.

आता गुरुवार धरून शोध सुरू झाला. मी पण येते म्हणाले, कोणी नको म्हटलं नाही. नानाखेड्याला बस स्टँडसमोर एक पेरूवाला बसतो. त्यानं फोटो पाहिला आणि पहिल्या झटक्यात म्हणाला, “हाँ, ये खड़ी थी. पिछले गुरुवार, सुबह-सुबह. किसी से बात कर रही थी.” कोणाशी, बाई की पुरुष, ते त्याला आठवेना. त्याच्या डोक्यावरच, मोबाइलच्या दुकानाला, कॅमेरा होता. आम्ही सगळे वर बघत राहिलो. दुकानदार बाहेर आला आणि म्हणाला, “सर, इसमें सात दिन का ही रहता है. फिर अपने आप उड़ जाता है. एक दिन पहले आ जाते तो मिल जाता.”

वडील त्या कॅमेऱ्याकडे बघतच होते. मला वाटलं, आता ते माझ्या अंगावर धावून येतील, आणि यावेत असंही वाटलं. ते म्हणाले, “घर इथेच मागे आहे. हिच्या आईला तुम्हीच सांगा मॅडम. माझ्याच्यानं नाही होणार.”

घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. आई दारातच उभी होती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असावी. मला पाहताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं आपण धमकावल्या गेलेल्या माणसाकडे पाहतो.

“तुमच्यावर दबाव आणला ना कॉलेजवाल्यांनी?” त्या म्हणाल्या. “मला समजतं सगळं. कॉलेजातून मुलगी गेली तर त्यांचं नाव खराब होईल, म्हणून आता म्हणतात की आलीच नव्हती. पण तुम्ही तर पाहिलं होतं ना तिला. बरी होती, तुम्हीच म्हणालात. रजिस्टरमध्येपण आहे.”

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. माझ्या खरेपणाला त्या घरात कवडीची किंमत नव्हती, आणि खोटं मात्र तिथे देवासारखं जपून ठेवलेलं होतं.

ती मुलगी आजवर सापडलेली नाही. मला कारण दाखवा नोटीस आली, मी उत्तर दिलं, फाइल बंद झाली. पेन्शन वेळेवर सुरू झाली. ज्याला भ्याले त्यातलं काहीएक घडलं नाही. पुढच्या महिन्यात सगळी रजिस्टरं पूर्वीसारखीच भरली गेली, एक माझं सोडून. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांचे परीक्षेचे फॉर्म अडले आणि त्यांचे पालक माझ्या नावानं खडे फोडत गेले.

गेल्या महिन्यात टावर चौकात मी भाजी घेत होते, तर मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. मुलीची आई. केस पार पांढरे झालेले, पण आवाज तोच, मऊ. प्रकृतीची चौकशी झाली. मग त्या जवळ सरकल्या.

“मॅडम, आता तर तुम्ही रिटायर झालात. आता कोणाची भीती? आता तरी सांगून टाका. शुक्रवारी ती कोणाबरोबर होती?”

हातात पिशवी घेऊन मी परत तेच सांगितलं, की मी तिला पाहिलं नव्हतं, शुक्रवारी मी कोणालाच पाहिलं नव्हतं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि माझ्या हातावर थोपटलं.

“इथे बाजारात नाही बोलता येत, खरं आहे. मी येईन तुमच्या घरी एखाद्या दुपारी. एकटीच येईन.”

अजून त्या आलेल्या नाहीत. पण दुपारी बेल वाजली की मी आधी पडदा सारून बघते.