दाजींचा वाकडा रस्ता

प्रागमध्ये पहिल्याच रविवारी मी पाऊस थांबायची वाट बघत एका कमानीखाली उभा राहिलो आणि दुपारची संध्याकाळ झाली. आपल्याकडे सर येते, झोडपते आणि निघून जाते. तिथला पाऊस थांबत नाही, कारण तो कधी धड सुरूच झालेला नसतो. शेवटी माझे साडू मला शोधत आले. आमची ही त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर कारखान्यानं दिलेला लांब कोट आणि पँट अशी वर दुमडलेली, की आता भातलावणीलाच उतरायचं आहे. "व्हय वो पाव्हणं," ते भर रस्त्यात ओरडले, "ह्या फुसक्या पावसाला भिऊन हुबं ऱ्हायला? आमच्या मावळात ह्याला दव बी म्हनत न्हाईत!" परदेशच्या पावसावर रागावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण जिच्यावर दाजी एकदा तरी मनापासून संतापले नाहीत, अशी वस्तू, माणूस किंवा ऋतू देवानं अजून घडवलेला नाही.

आम्हा दोघांना पिंपरीजवळच्या आमच्या नव्या कारखान्यानं तिकडची यंत्रं शिकायला पाठवलं होतं. दाजींना यंत्र कळत होतं म्हणून, आणि मला इंग्रजी येतं असा साहेबांचा गैरसमज होता म्हणून. त्या कारखान्याखाली दाजींची वडिलोपार्जित जमीन गेली होती. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत. "गेली ती गेली, पोरं शिकतील," एवढंच. त्यांचा जीव अडकला होता तो शिवेवरच्या म्हसोबात. बाभळीखालचा तो शेंदराचा दगड कारखान्याच्या नव्या रस्त्याच्या बरोबर मधे येत होता, आणि साहेबांच्या मते तो जरा बाजूला सरकवला की झालं. "म्हसोबा काय खुर्ची हाय व्हय, सरकवायला?" असं साहेबांना तोंडावर विचारून दाजींनी सगळं खातं गार केलं होतं. अखेर साहेब म्हणाले, तुम्ही जाऊन या, मग बघू. ते 'मग बघू' दाजींनी शब्द म्हणून गाठीला बांधलं आणि समुद्र ओलांडला.

आम्हाला शिकवणारा म्हातारा इंजिनिअर दर रविवारी आम्हाला पायी गाव दाखवायचा. इंग्रजी त्याचं माझ्यासारखंच, त्यामुळे आमचं छान जमे. तो कौतुकानं दाखवायचा आणि दाजी संतापायचे. नदीवरच्या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे भिजत उभे होते. "देवमानसांच्या डोक्यावर छप्पर न्हाई, आन ह्यो छत्री घिऊन हिंडतोय!" असं म्हणत दाजींनी म्हाताऱ्याची छत्री काढून घेतली आणि एका संतावर धरली. म्हातारा बिचारा भिजत उभा. मी नदीतल्या बदकांकडे असा बघत राहिलो, की हे गृहस्थ माझे कोणी लागतच नाहीत. एका चर्चच्या दारात त्यांनी पायातले बूट काढून ठेवले. आत गेले तर फरशीतच थडगी, आणि लोक त्यांवरून खुशाल चाललेले! दाजी भिंतीला पाठ घासत सगळं चर्च हिंडले. बाहेर येऊन बघतात तर बुटांत पाणी. मग राग बुटांवर. पच्‌पच् वाजणाऱ्या त्या बुटांना शिव्या देतच ते पुढे चालू लागले.

आणि पुढच्याच गल्लीत ते थबकले. रस्ता सरळ येत होता, मधेच एक इवलंसं, आपल्या चावडीएवढं त्यांच्या देवाचं देऊळ होतं आणि रस्ता त्याला वळसा घालून पुढे जात होता. ट्रामचे रूळसुद्धा वाकलेले.

"इचारा त्याला, ह्यो रस्ता का वाकला?"

मी विचारलं. म्हाताऱ्याला आधी प्रश्नच कळेना. मग तो म्हणाला, "देऊळ आधीचं आहे. रस्ता नंतर आला."

"त्यांच्यात सायेब न्हाई का कोन?" दाजींनी मला विचारलं.

"असतील की."

"मग ट्राम बंद पडली का त्यांची?"

"समोरून आली बघा."

दाजी बाजूला झाले आणि मग भडकले. "मंजी रस्ता वाकतो, पाव्हणं! येवढं मोठं गाव, येवढी यंत्रं, आन रस्ता वाकतो! आन आपला सायेब म्हनतो, सरळ रस्त्याबिगर कारखाना व्हत न्हाई!" म्हातारा घाबरून मला विचारू लागला, यांना देऊळ आवडलं नाही का?

परतीच्या बोटीवर साहेबांना ऐकवायचं भाषण दाजी रोज समुद्राला ऐकवत होते. स्टेशनवर उतरल्यावर घरी न जाता आम्ही ट्रंकांसकट तडक म्हसोबाकडे गेलो. रस्ता झाला होता. काळा, चकचकीत, सुतासारखा सरळ. बाभूळ नव्हती. कुंपणाच्या कोपऱ्यात सिमेंटचा नवा ओटा होता आणि त्यावर ताजा शेंदूर लावलेला म्हसोबा. साहेब स्वतः दाखवायला आले. "बघा, किती झकास जागा दिली!"

मी डोळे मिटून स्फोटाची वाट पाहिली. दाजींनी ओट्यापुढे हात जोडले आणि ट्रंक उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना दाजी बाभळीच्या त्या जागेपाशी आले की डांबर सोडून चिखलात उतरायचे आणि वळसा घालून पुन्हा रस्त्यावर यायचे. मी म्हटलं, "दाजी, तिथं आता काही नाही."

"तुमाला नसंल," ते म्हणाले.

मग डोक्यावर पाट्या घेतलेल्या गावच्या बायका वळू लागल्या. मग पाळीला येणारे कामगार, ज्यांनी ती बाभूळ कधी पाहिलीही नव्हती. दोन पावसाळ्यांत त्या सरळ रस्त्याच्या कडेला एक वाकडी पाऊलवाट पडली.

परवा घरी येऊन मी तावातावानं हिला सांगत होतो, "यंत्रयुग आलं, आणि शहाणीसुरती माणसं काही नसलेल्या जागेला वळसा घालून चिखल तुडवतात! याला काय म्हणावं?"

हिनं माझे बूट उचलून दाराबाहेर ठेवले आणि म्हणाली, "आणि मग तुमच्या बुटांना हा कुठला लागला?"