शेळीच्या आधी दीर

शेळी आडवी पडली होती आणि तिच्या शेजारी माझे धाकटे दीरही पोट धरून आडवे पडले होते. दोघांनी एकाच पाट्यावरचं जंताचं औषध घेतलं होतं, पळसाच्या बियांचं. जाऊ त्यांच्याकडे धावली, मी शेळीकडे. दिरांना बायको होती, शेळीला मीच होते.

जनावराच्या पोटातल्या जंतांची दिरांइतकी काळजी वाहणारा माणूस घाटनांदूर सोडा, अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. कुणाकडे गेले की पाण्याच्या तांब्याआधी गोठा. काडीनं लेंड्या उकरायच्या, शेळीची खालची पापणी ओढून लाल आहे की पांढरी ते बघायचं. माझ्या धाकटीला बघायला पाहुणे आले तेव्हा दिरांनी नवऱ्या मुलाचीही पापणी ओढली आणि भर बैठकीत सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पण जंत हायेत." सोयरीक मोडली म्हणून मी कपाळ धरलं. मोडली नाही. जावई पंधरा दिवस वावडिंगाचं पाणी प्यायला आणि आता आला की आधी त्यांच्याच ओट्यावर बसतो.

कुठलंही औषध ते आधी स्वतः घेत, एक दिवस थांबत, मगच जनावराला पाजत. मी हसले की म्हणत, "वैनी, तिला बाधलं तर तिला सांगता येतं का? मला येतं."

ही शेळी शांताची. ऊसतोडीला जाताना ती आमच्याकडे अर्धलीनं ठेवून गेली होती, म्हणजे सांभाळ आमचा, पिल्लं निम्मी निम्मी. तिच्या घरी दुसरं जनावर नाही. संक्रांतीच्या सुमारास शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरलं, पापणी पांढरीफटक झाली. दीर औषधासाठी ताक आणायला गेले तेवढ्यात बिया मी वाटल्या. त्यांनी काढून ठेवलेल्या एका मुठीऐवजी माझी ओंजळ पडली. ते प्यायले आणि उद्यापर्यंत थांबू म्हणाले. मी म्हणाले, उद्यापर्यंत ही राहते का, आत्ताच पाजा. त्यांनी माझं ऐकलं.

जनावरांचे डॉक्टर आले ते आधी माणसाकडेच वळले. दीर पडल्या पडल्या म्हणाले, "आधी तिला बघा. ती दुसऱ्याची हाय."

डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं आणि दिरांना जीपमध्ये घालून अंबाजोगाईला धाडलं. हल्ली दीर औषध करत नाहीत. आपला हात चुकला, असं चारचौघांत सांगतात. ओंजळ माझी होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

शेळी जगली. तेही जगले.