नंदोईची थेंबाथेंबाची कॉफी

अख्ख्या रायपुरात माझ्या नंदोईएवढा घाईचा मानूस झाला नाई आन होनार बी नाई. नंदोई म्हनजे माझ्या ननंदेचा नवरा. मी त्याइले भाऊजी म्हनाची, ते मले वहिनी म्हनत. सारी नोकरी रेल्वेत काढली, पन गाडी फलाटाले लागून थांबेपर्यंत त्याइच्यानं कधी धीर धरवला नाई. चालत्या गाडीतून उतरत. पडले बी, आन उठून धूळ झटकत म्हनत, "पोचलो का नाई सगळ्याइच्या पहिले?" कुकरची शिटी व्हाच्या आंधीच झाकनाले हात. आरतीत बाकीचे लोक दुसऱ्या कडव्यावर, आन हे परसादाच्या ताटापाशी. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालूच होती, तं याइनं मधातच माझ्या ननंदेच्या गळ्यात हार घालून टाकला. भटजी वरडले, "अहो जावईबुवा, अजून राहिली हायेत!" तं हे म्हनते, "ते तुमी मागून म्हना, आमचं झालं." रायपूर राजधानी झाल्याचं ऐकलं तं दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढून राजधानी पाहाले गेले. संध्याकाळी घामाघूम होऊन आमच्या घरी आले आन म्हनले, "वहिनी, अजून काईच नाई. तोच गोल बाजार, तेच गड्डे."

अशा मानसानं म्हातारपनी काम कोनतं धरावं, तं सोयरिकी जुळवाचं. ननंद गेल्यावर घरात त्याइचं मन लागे ना. आमच्या इकडं नागपूर-भंडाऱ्याकडून आलेले मराठी लोक ठायी ठायी हायेत, कोनी रेल्वेत, कोनी हापिसात. कोनाची पोट्टी लगनाची, कोनाचा पोट्टा, हे सारं भाऊजीच्या डोक्यात राहे. पन जुळवाची तऱ्हा जगावेगळी. लोक पोरगी पाहाले जातात, हे पोट्टा पाहाचे. आन कुठं पाहाचे, तं एका व्हिएतनामी हॉटेलात.

ते हॉटेल म्हनजे काई मोठं नाई. शहर वाढत वाढत तेलीबांध्याच्या तलावापलीकडं गेलं, नव्या रायपूरच्या रस्त्यानं इमारती उभ्या राहिल्या, त्याइच्या मागं एक टिनाचं शेड. इथलाच छत्तीसगढी पोट्टा परदेशात हॉटेलात रांधाले गेला होता, तो तिकडचीच बायको करून घेऊन आला. तिचं नाव कोनाच्या जिभेवर बसे ना, म्हून सारे तिले बहूच म्हनत. बहू छत्तीसगढी बोले आन अशी बोले का आमच्या पाऱ्यातल्या, म्हनजे मोहल्ल्यातल्या, बायका लाजाव्या. बसाले न्हानीतल्या पाटाएवढे लाल पिलास्टिकचे स्टूल. खाले सस्तं आन पोटभर. तांदळाच्या शेवया टाकलेला गरम रस्सा, वरून हिरवा पाला, आन ओल्या पापडात गुंडाळलेली भाजी, तिच्यासंग शेंगदान्याची चटनी. मले काई वेगळं वाटलं नाई. तांदळाचे पापड मी बी जलमभर लाटले, फकत ओलेच खाते लोक हे माहीत नव्हतं.

कॉफी मातर न्यारी. कपावर एक टिनाचा चिमुकला डब्बा ठेवते, त्याच्यात कॉफीची भुकटी आन उकळतं पानी, आन मंग खाली थेंब थेंब गळते. महादेवाच्या पिंडीवर गळती लावते ना, तशी. भाऊजी पहिल्या डाव गेले तवा दोन थेंब पाह्यले, आन म्हनले, "काहून वं बहू, नळाले पानी नाई का?" तिनं सांगतलं, "बबा, थोरिक अगोर." म्हनजे जराक थांब. हे काय थांबतात! डब्बा उचलला, हालवला, तोंडाले लावला. जीभ पोळली, दात काळे. घरी येऊन पानी पेले आन मले म्हनले, "वहिनी, पोट्टा पाहाची जागा सापडली."

"जीभ पोळली तिथं?"

"तिथंच. घरी पोह्याच्या बशीसमोर हर पोट्टा रामासारखा बसते. तिथं कॉफी उतरेपर्यंत त्याले काईच करता येत नाई. आत जे असन ते बाहेर येते."

तवापासून भाऊजीनं किती पोट्टे त्या स्टुलावर बसवले, देवाले माहीत. सिलतऱ्याच्या कारखान्यातला एक साहेब आला, स्टूल पाहूनच म्हने खुर्ची लाव. गेला. दुसऱ्यानं डब्ब्याले टिचक्या मारल्या आन बहूले हाक मारली, "मशीन खराब है तुम्हारा." तो बी गेला. तिसरा चांगला बसला होता, तं त्याच्या मायनं कॉफी बशीत ओतली, फुकली आन त्याच्या तोंडाशी नेली. "याले गरम सोसत नाई." भाऊजी बाहेर येऊन मुलीच्या बापाले म्हनले, "पोट्टं गुनाचं हाये. पन अजून दूध पिऊन राहिलं." लोक चिडत. म्हनत, म्हाताऱ्याले सोताले घडीभर थांबता येत नाई आन लोकाइच्या पोट्ट्याची सबुरी पाहाले निघाला. खरंच होतं ते.

माझी बी एक नातीन होती. पोरगा माझा कमी वयात गेला, सून माहेरी गेली आन तिनं दुसरं घर केलं. तिले बोल नाई, जगाचं होतं तिले. नातीन माझ्याजवळ राहिली. पापड लाटून, लोकाइची भांडी घासून तिले शिकवली. ती मराठी समजे, पन बोले हिंदीत. हापिसात लागली तवा भाऊजी म्हनले, "सांगा वहिनी, कसा पोट्टा पाहिजे?"

मी म्हनली, "शिक्षन नका सांगू, पगार नका सांगू. ताट फेकनारा नको."

माझा नवरा ताट फेके. डाळीत मीठ कमी, ताट अंगनात. पोळी गार, ताट अंगनात. मी उचलाची, धुवाची, परत वाढाची. रडत नव्हती, रडून भांडं घासल्या जात नाई. पन हे पोट्टीच्या कपाळी येऊ नये, एवढंच मले होतं.

भाऊजीनं एक पोट्टा आनला. बाप रेल्वेतला, पोट्टा हिसाबाच्या हापिसात. नातीन निघताना म्हने, "आजी, मैं कॉफी पीने जा रही हूँ, शादी करने नहीं." मी म्हनली, "पे, कोन नाई म्हनते," आन मी बी तिच्यासंग गेली.

पोट्टा पांढरं शर्ट घालून आला होता. स्टुलावर गुडघे हनवटीले लागले तरी बसला. काड्याइनं शेवया उचलल्या, पडल्या, हासला, चमचा मांगला. कॉफी आली, हात मांडीवर ठेवून थेंबाकडं पाहत बसला. त्याचा बाप रस्सा भुरकत होता, त्याले दुनियेचं काई पडलं नव्हतं. भाऊजीनं मले डोळ्यानं खुनावलं, पास. मी हात धुवाले उठली, ते मागं आले.

"काय वहिनी? एवढा सबुरीचा पोट्टा मी अजून पाह्यला नाई."

"भाऊजी, माझा बाप माझ्या नवऱ्याले पाहून आला तवा हेच म्हनला होता. पोट्टा गरीब गाय हाये म्हने. त्या गाईनं मले जलमभर शिंगं दाखोली. पावन्याच्या घरी सारेच गाय."

भाऊजी म्हनले, "मंग पाहाचं काय?"

"मले त्याचा राग पाहाचा हाये."

"राग काय इथं प्लेटीत भेटते का वहिनी!"

पन जाऊन बसले. बहूनं त्याइच्या कपावर नुकतंच उकळतं पानी टाकलं होतं. भाऊजीनं चटनी घ्याले हात लांब केला, आन कप, डब्बा, भुकटी, सारं त्या पांढऱ्या शर्टावर.

पोट्टा ताडकन उठला, स्टूल उलटं. "अरे यार! अंधे हो क्या?" कान लाल. बापानं रस्सा सोडून मान वर केली, "अबे, बड़े हैं." माझं ध्यान पोट्ट्याच्या हातावर. समोर भरली प्लेट होती. माझ्या नवऱ्याचा हात अशा वक्ती प्लेटीवरच जाये, मले तो रस्ता पाठ होता.

याचा हात खिशात गेला. रुमाल काढला, शर्ट पुसाले लागला, आन पुसता पुसता त्याले भाऊजीचं मनगट दिसलं. अर्धं पानी याच्या शर्टावर, तं अर्धं त्याइच्या सोताच्या हातावर. लालभडक. पोट्ट्यानं रुमाल बर्फाच्या गिलासात बुडवला आन मनगटाले गुंडाळला. राग गेला नव्हता बरं त्याचा. "आप भी ना… देखना चाहिए… जल गया न अब?" तोंडानं वसवस चालूच, हातानं पट्टी चालूच. मंग शर्टाकडं पाहून नातीनले म्हने, "नया था. आज के लिए ही लिया था."

नातीनले असं हासू फुटलं का बहू चुलीपासून पाहाले आली.

राग आलेला मी पाह्यला. आला, वरडला, आन कामाले लागला. ज्याले रागच येत नाई त्याचा भरोसा नाई. मी त्याच्या बापाले म्हनली, "आमच्याकडून हव हाये."

"आजी! मुझसे तो पूछो!"

"मंग सांग."

"कॉफी तो पी लेने दो."

तिनं कॉफी पेली आन मंग हव म्हनली.

लगन झालं, आता तिले दोन लेकरं हायेत. नवरा-बायको भांडतात, मी ऐकते, भांडी जागच्या जागी राहतात. भाऊजी मातर तिच्या पहिल्या लेकराचं बारसं व्हाच्या आंधीच गेले. सकाळी चहा पेले आन बसल्या जागी गेले. डाक्टरले पोचाले बी वेळ दिला नाई. त्याइच्या तऱ्हेनंच गेले.

पन मले कॉफी सांडली त्याच दिवसाचं आठवते. पावने गेले होते, नातीन त्याइले सोडाले रस्त्यापर्यंत गेली होती. आमी दोघंच. भाऊजी पट्टीवर फुकत बसले होते. म्हनले, "वहिनी, त्याच्या जागी मी असतो तं कप फेकला असता."

"माहीत हाये मले."

"तुमची ननंद एक डाव बी माझ्यासंग जेवली नाई. तिच्या पोळ्या होईपर्यंत माझं हात धुनं होऊन जाये. ती मांगून एकटी जेवे. कवा बसली, काय उरलं तिले, मी पाह्यलं नाई. उठून जाचो."

मी बी तशीच जेवली. साऱ्याच जेवतात.

तेवढ्यात बहू रश्श्याचा एकच कटोरा घेऊन आली. दुसरा व्हाचा होता. तिनं रीतीपरमानं भाऊजीसमोर ठेवला. भाऊजीनं तो उचलून माझ्यासमोर सरकवला.

"घ्या वहिनी."

"तुमी घ्या, थंड होईन. माझं मांगून होते."

"तुमी खा. मी थांबतो."

आन थांबले. हात मांडीखाली दाबून बसले. गुडघा सारखा हाले, स्टूल कुरकुरे, पन "झालं का?" असं एक डाव बी इचारलं नाई. त्याइचा कटोरा आला, तरी माझं व्हाचं होतं म्हून हात लावला नाई. मले घाईनं जेवाची सवय. उभ्यानं, चुलीपाशी, उरलंसुरलं. तरी त्या दिवशी मी एक एक शेवई उचलली, रस्सा फुकून फुकून पेली. दात नाई म्हून वेळ लागला, असं त्याइले वाटलं असन.

दाताचं काई नव्हतं. मी मुद्दाम हळूहळू खाल्लं.