सगुणाआत्याच्या हातचा चुडा

दुपारची जेवणं उरकून मी मागच्या खोलीत पाठ टेकते. संध्याकाळी माझ्या लेकीला, मृदुलाला, लग्नाचा चुडा भरायचाय. थोरल्या जाऊबाई, निर्मलाताई, आत्ताच सांगून गेल्या की बांगड्या भरताना मी आतच थांबावं. यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण मुलाकडच्या बायका नावं ठेवतील. मी मान डोलावली. डोळे जड होतात, बाहेरचा भांड्यांचा आवाज लांब जातो आणि कॉटच्या पायथ्याशी सगुणाआत्या बसलेली दिसते.

आत्या, वडिलांची बहीण, वारून बारा वर्षं झाली. मिरजेतलं आमचं बांगड्यांचं दुकान तीच चालवायची. विशीत विधवा झाली, बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, आणि त्याच भुंड्या हातांनी तिनं पुढं चाळीस वर्षं गावातल्या नवऱ्या मुलींना चुडे भरले.

"झोपलीस?" ती विचारते. आवाजात माया नाही.

खोलीची भिंत आता दुकानाची फळी आहे. आत्या फळीवरच्या बांगड्या उतरवत बोलत राहते. मारवाड्यांच्या मुलींना तिनं लाखेचे चुडे भरले. मोमिनांच्या मुली तिच्याखेरीज कुणापुढं हात करायच्या नाहीत. मिशन हॉस्पिटलमधल्या ख्रिस्ती नर्सला लग्नात अंगठीच पुरे होती, तरी तिनं हौसेनं दोन हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. एकीच्याही आईनं तिच्या मनगटाकडं पाहिलं नाही.

"पाहिलं ते तुझ्या सासूनं," ती म्हणते.

मी फळीला धरायला जाते, तर हातात मांडवाचा खांब येतो. माझंच लग्न. विधवेच्या हातून आमच्या सुनेला चुडा नको, असं सासूबाई सगळ्यांदेखत सांगताहेत. दुसरा कासार बोलावलाय. मी त्याच्यापुढं हात धरलाय, आणि आत्या टोपली काखेत घेऊन मांडवाबाहेर चाललीय.

हे असंच घडलं होतं. त्यानंतर तिनं माझा उंबरा ओलांडला नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यातही मला बोलावलं नाही.

"वीस वर्षांची होते मी. काय बोलणार होते?"

"नसतीस बोलली. नुसता हात मागं घ्यायचास."

माझ्याही अंगाची आग होते. सासूची, आत्याची, सगळ्यांची चीड येते. मी तिला सुनावते की बोलणं सोपं असतं, नांदायचं मला होतं.

"आणि आज? आज तुला कुणी अडवलंय?"

"निर्मलाताईंनी."

"तिनं सांगितलं. मान तू डोलावलीस."

ती माझा उजवा हात ओढून घेते. अंगठा तळव्यात दाबून हिरवी बांगडी चढवायला लागते. एरवी तिच्या हातून भरताना कळायचंही नाही; आज ती हाडं मोडावीत तशी दाबते आहे.

"दुखतंय, आत्या."

"दुखू दे."

मी दचकून उठते. बाहेर कासार आलाय, बायका जमल्यात. मी तोंडही न धुता बाहेर जाते आणि मृदुलाच्या समोर बसते. निर्मलाताई हलक्या आवाजात आत जायला सांगतात.

"पहिली बांगडी मी भरणार," मी म्हणते. "ज्यांना चालत नसेल, त्यांनी आत बसावं."

कुणी आत जात नाही. कासार बांगडी माझ्याकडं देतो. मृदुला हात पुढं करते आणि थांबते.

"आई, हे काय झालं तुला?"

माझ्या अंगठ्याच्या मुळाशी चार बोटांचे लालभडक वळ उमटलेत.