पोचेची पोच

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आसगावच्या माझ्या आत्याचे. मी भंडाऱ्यात खोली घेऊन कॉलेज शिकत होतो, तेव्हा ती एसटीच्या ड्रायव्हरजवळ पितळी डबा पाठवायची. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. माझी घरमालकीण त्यात चार वड्या घालायची, मग आत्याला पुन्हा काहीतरी भरून धाडावं लागायचं. दोघी कधी भेटल्या नाहीत. त्यांच्या या शिष्टाचारावर मी पदवीधर झालो.

पुढे मला नोकरीही तशीच मिळाली. भंडाऱ्यातल्या दोन कार्यालयांत फाइली पुढे सरकवणारी दोन वेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं होती. एकातली फाइल दुसऱ्यात जावी, एवढंच माझं काम. दोन्ही कंपन्या या धंद्यात ठरलेलं मानक पाळत होत्या, निदान माहितीपत्रकात.

जोडणी सुरू झाली त्याच आठवड्यात आत्यानं नळासाठी आमच्या कार्यालयात अर्ज केला. गुडघ्यांमुळे तिला बोअरिंगवरून पाणी आणणं होत नव्हतं. अर्ज दुसऱ्या कार्यालयात पोचला. तिथल्या सॉफ्टवेअरनं पोच दिली. आमच्याकडच्यानं ती पोच नवा अर्ज समजून तिची पोच दिली. तिकडच्यानं तिचीही. सोमवारी आत्याच्या नावाचे हजारो अर्ज पाहून तिथल्या लिपिकानं मला बोलावलं.

"साहेब, तुमच्या आत्याबाईले नळ पाहिजे का धरण? मूळ अर्ज कोणता ते दाखवा, नाही तर सारेच रद्द करतो."

तेवढ्यात आत्याचा फोन. "बाबू, नळ कवा येते?"

"आत्या, दोन मशिनी एकमेकींले भरला डबा परत करून राहिल्या."

"मंग त्यात वाईट काय हाये?"

दोन्ही कंपन्यांचे इंजिनियर नागपूरहून आले. हा निरोप अर्ज आहे की उत्तर, आणि मूळ क्रमांक कोणता, हे प्रत्येक निरोपावर लिहावं असं मानकात होतं. दोघांनीही ते पान ऐच्छिक समजून सोडलं होतं.

"आमचं मानकानुसारच आहे," एक म्हणाला.

"आमचंही."

"मग दोघं एकमेकांशी बोलत काहून नाहीत?" मी विचारलं.

"बोलतात ना," लिपिक म्हणाला. "थांबतच नाहीत."

संध्याकाळपर्यंत दोघांनी ते पान मान्य केलं आणि मूळ अर्ज हाती लागला. आठवड्याभरात तो मंजूरही झाला. मी आत्याच्या डब्यात चिठ्ठी ठेवली:

"आत्या, जय भीम. नळ मंजूर झाला. एकच. उत्तराला उत्तर द्यायचं नाही, हा नियम मीच दोघांकडून कबूल करून घेतला, म्हणून डबा रिकामा धाडणार होतो. पण ड्रायव्हरनं तो हलवून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. स्टँडसमोरून पेढे घेतले. तू मात्र नियम पाळ, उलट काही धाडू नको. धाडलंच तर, जवसाची चटणी संपली आहे."