माहेरच्या नावाने कोणी विचारलं तर

मी वसमतला घरूनच काम करते. हळदीचे रोजचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दाखवणारं एक सॉफ्टवेअर सांभाळते. परवा ते जुन्या टूलमधून नव्यात हलवलं. त्याचे भाग वेगवेगळ्या कंटेनरमध्ये असतात. कंटेनर म्हणजे एका कामाचं सगळं सामान भरलेला बंद डबा. डबे धडधाकट पोचले, सुरूही झाले, पण भाव काही दिसेनात. सकाळभर डोकं आपटल्यावर कळलं, नव्या टूलने आपल्या रीतीने डब्यांची नावं बदलली होती. भाव दाखवणारा भाग माहितीच्या डब्याला जुन्याच नावाने हाक मारत होता. उत्तर येत होतं, या नावाचं इथे कोणी नाही. अरे, शेजारीच तर बसलाय! असा संताप आला.

आई जवळच लसूण सोलत होती. "काहून चिडून राहिली गं?"

मी सांगितलं. तिचा हात थांबला. "माझ्या मैतरणीला असंच वापस जावं लागलं."

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. आईचंही बदललं, आणि माहेरचं नाव या घरात कोणी कधी घेतलंच नाही. लग्नानंतर लगेच तिच्या माहेरची, हट्टा गावची मैत्रीण एसटीने भेटायला आली. तिने गल्लीत माहेरच्या नावाने चौकशी केली. बायका म्हणाल्या, अशी इथं कोणी न्हाई. त्यातली एक तर आमच्याच ओट्यावर बसली होती. आई आत भाकरी थापत होती.

"तिला वाटलं, मीच तसं सांगायला लावलं. चांगलं सासर भेटलं, तर ओळख विसरली. नाव बदललंय म्हणून लई निरोप धाडले. तवापासून बोलली न्हाई." आईचे डोळे भरले होते, आणि लसणाला दोष द्यायची सोय नव्हती.

जरा वेळाने तिने विचारलं, "मंग तुझ्या डब्याचं काय केलंस?"

"नवं नाव राहू दिलं, जुनंही जोडून दिलं. आता दोन्ही नावांना ओ देतो."

"बरंय तुमच्या डब्यांचं," आई म्हणाली.

मला राहवलं नाही. हट्ट्याच्या मामाकडून मैत्रिणीचा नंबर घेतला, फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आईच्या हातात दिला. ती नको नको म्हणत होती.

"कोण बोलून राहिलं?" पलीकडून आवाज आला.

आई अडखळली. मग तिने माहेरचं नाव सांगितलं. इतक्या हळू, की जणू परवानगी मागत होती. ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. फार गोड नाव आहे.

पलीकडून तेच नाव परत ऐकू आलं.

"उद्या येते मी," मैत्रीण म्हणाली. "गल्लीत कोणत्या नावानं विचारू, तेवढं सांग."